दुर्बिणीतून पूर्ण जठर काढताना: स्वादुपिंडाची कड आणि अन्ननलिकेचा जोड

जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं ठरलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, भोकं किती पाडणार?" पाच. एक बेंबीजवळ, दोन उजवीकडे, दोन डावीकडे. शिवाय यकृत वर उचलून धरायला छातीच्या हाडाखाली एक बारीकसं. पण आतलं काम पोट उघडून करतात तेवढंच असतं, तसूभरही कमी नाही. पूर्ण जठर निघतं, त्याच्या भोवतीच्या लसीका ग्रंथी रक्तवाहिन्यांच्या मुळापासून निघतात, आणि अन्ननलिकेला लहान आतडं जोडलं जातं. म्हणून या ऑपरेशनला कुणी "छोटं" म्हटलं की मला ते खटकतं.

सर्जरीचे निवासी डॉक्टर, ऑपरेशन थिएटरमधल्या (ओटीतल्या) सिस्टर आणि टेक्निशियन, आणि घरात हे ऑपरेशन व्हायचं आहे म्हणून खोलात जाऊन वाचणारी माणसं, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. पूर्ण जठर काढण्यात जठर सुटं करणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. हात थरथरतो तो दोन जागी: स्वादुपिंडाच्या वरच्या कडेवर, आणि डायफ्रामच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या, भोकात जिथे अन्ननलिका नि आतडं जोडायचं असतं तिथे. पुढे जे बिघडतं त्यातलं बरंचसं या दोन जागांपाशीच येऊन थांबतं.

आधी पुराव्याबद्दल थोडं. दुर्बिणीच्या मदतीनं जठराचा खालचा भाग काढण्याचं पहिलं ऑपरेशन जपानमध्ये ओइता इथे कितानो यांनी १९९१ मध्ये केलं. त्यानंतर कोरियातली क्लास-०२ आणि चीनमधली सीएलएएसएस-०१, अशा हजाराहून जास्त रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. पुढे गेलेल्या कॅन्सरमध्येही, अनुभवी हातांत, तीन वर्षांनंतरचे निकाल उघड्या ऑपरेशनइतकेच चांगले आले. कोरियातल्या चाचणीत सुरुवातीच्या गुंतागुंती १६.६ टक्के होत्या, उघड्या ऑपरेशनमध्ये २४.१. पण या दोन्ही चाचण्या जठराचा खालचा भाग काढण्याच्या आहेत. पूर्ण जठराचा पुरावा अजून त्या तोडीचा नाही. कोरियाची क्लास-०३ फक्त पहिल्या टप्प्याच्या १७० रुग्णांची होती आणि तीत गुंतागुंती २०.६ टक्के होत्या. खालच्या भागाचे आकडे दाखवून पूर्ण जठराचं ऑपरेशन रुग्णाच्या गळी उतरवणं मला पटत नाही. गाठ शेजारच्या अवयवात घुसली असेल, ग्रंथींचे मोठे गठ्ठे असतील, किंवा जठर फुटून रुग्ण तातडीनं आला असेल, तर सरळ पोट उघडावं.

ऑपरेशनचा दिवस उजाडण्याआधीच बरंच काही ठरलेलं असतं. गाठ भिंतीत खोल गेली असेल किंवा ग्रंथी सुजलेल्या असतील तर आधी केमो: फ्लॉट नावाच्या औषधांच्या संचाच्या चार फेऱ्या ऑपरेशनच्या आधी, चार नंतर. त्याहीआधी दुर्बीण घालून पोटाच्या आवरणावर कॅन्सरचे दाणे आहेत का ते बघायचं आणि पोट धुऊन ते पाणी तपासणीला पाठवायचं. दाणे सापडले तर जठर काढून आयुष्य वाढत नाही. जपान, कोरिया आणि सिंगापूरच्या रेगाटा चाचणीनं २०१६ मध्ये हे स्पष्ट केलं.

सीटी स्कॅनचा नुसता रिपोर्ट वाचू नका, धमन्यांच्या फेजचे फोटो स्वतः सरकवत बघा. बघायचं ते हे: डाव्या जठर धमनीतून यकृताच्या डाव्या भागाला फाटा जातो का? दहातल्या एखाद्या माणसात तो असतो, आणि कधी कधी यकृताच्या त्या भागाला रक्त पोचवणारी ती एकटीच वाट असते. माहीत नसताना ती मुळाशी कापली तर यकृताचा तो तुकडा काळवंडतो. शंका असेल तर छोटा क्लॅम्प तात्पुरता लावून डाव्या भागाचा रंग बदलतो का ते पाहावं. दुसरी गोष्ट, यकृताची मुख्य धमनी नेहमीच्या जागी आहे ना. काहींमध्ये ती आतड्याच्या मोठ्या धमनीतून निघून पोर्टल शिरेच्या (आतड्यांचं रक्त यकृताला नेणाऱ्या मोठ्या शिरेच्या) मागून येते. मग ज्या धमनीच्या खुणेवर गाडी चालवायची, ती खूणच जागेवर नसते आणि थेट शीर समोर येते.

रुग्ण उताणा, पाय फाकवलेले, डोकं १५ ते २० अंश वर. कार्बन डायऑक्साइडचा दाब १२, फार तर. जमेल तिथे १०. डोकं वर आणि पोटात दाब, म्हणजे पायातलं रक्त रेंगाळणार, तेव्हा पोटरीचे पंप आधीच लावलेले हवेत. स्टेपलरसाठी डावीकडे आणि उजवीकडे एकेक पोर्ट १२ मिलिमीटरचा ठेवा. नाहीतर ऐन वेळी चुकीच्या कोनातून स्टेपलर घालायची पाळी येते. यकृताचा डावा भाग उचलून धरणारा रिट्रॅक्टर तासन् तास एकाच जागी दाबून ठेवू नये, मधून मधून सैल सोडावा. दुसऱ्या दिवशी यकृताची एन्झाइम वाढलेली दिसतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

सुरुवात मोठ्या बाकाच्या, म्हणजे जठराच्या लांब बाहेरच्या कडेच्या, बाजूनं. मोठ्या आतड्याची चरबीची झालर उघडून डावीकडे प्लीहेच्या टोकापर्यंत जायचं, त्या कडेनं जाणाऱ्या डाव्या गॅस्ट्रोएपिप्लोइक वाहिन्या मुळाशी बांधायच्या, मग जठर आणि प्लीहा यांच्यामधल्या आखूड वाहिन्या एकेक करत वर. इथला नेहमीचा घोटाळा म्हणजे सहाय्यकानं झालर जोरात ओढणं. प्लीहेचं कव्हर पातळ असतं, ताणानं टवका उडतो आणि मग तासभर रक्त टिपत बसायचं. ओढ वर, जठराच्या दिशेनं द्यावी. खाली किंवा बाजूला नाही.

मग उजवीकडे, जठराच्या खालच्या तोंडाखाली (पायलोरस). उजवी गॅस्ट्रोएपिप्लोइक शीर स्वादुपिंडाच्या डोक्यावर उतरते आणि तिला तिथे आणखी एक बारीक शीर येऊन मिळते. क्लिप त्या संगमाच्या वर लावायची. संगमावरच खेचलं गेलं तर ती बारीक शीर फाटते, रक्तानं खड्डा भरतो, आणि घाईनं आंधळी क्लिप मारण्याचा मोह होतो. तेव्हा गॉझ दाबून तीन मिनिटं घड्याळ बघत थांबा. शिरेचं रक्त आहे, बहुतेक वेळा थांबतं. त्यानंतर ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, त्या तोंडापुढे एक-दोन सेंटिमीटरवर स्टेपलरच्या ६० मिलिमीटरच्या निळ्या कार्ट्रिजनं कापायचा. त्याचा बुंधा काटेरी धाग्यानं आत दुमडून शिवून टाकावा असं माझं मत आहे. पाच-सात मिनिटं जातात. बुंधा फुटून पित्त गळायला लागलं तर महिने जातात.

आता स्वादुपिंडाची वरची कड. स्क्रीनवर हे जवळून पाहायला शिका. स्वादुपिंड फिकट सालमन-पिवळं, कणसाच्या कोवळ्या दाण्यांसारखं गच्च दाण्यादाण्यांचं. त्याच्यावरची चरबी जास्त गडद पिवळी, तुपाळ, आणि हलवली की डुलते. ग्रंथी त्या चरबीत बसलेली असते, तुरीच्या दाण्याएवढी, राखाडी गुलाबी, कडा गोल. दृश्य धूसर असलं, लेन्सवर वाफ असली, की स्वादुपिंडाची जीभ आणि चरबीचा गोळा सारखेच दिसतात आणि ग्रंथी समजून माणूस स्वादुपिंडच खरवडतो. म्हणून या टप्प्याआधी लेन्स कोमट पाण्यानं पुसून घ्या आणि कॅमेरा धरणाऱ्याला बदलायचं असेल तर तेव्हाच बदला.

सहाय्यक डाव्या जठर धमनीचा गुच्छ पकडून छताकडे उचलतो, तंबूचा मधला खांब उभा करावा तसा. दुसऱ्या हातानं तो गॉझवरून स्वादुपिंड हळूच खाली धरतो. "हळूच" हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसत्या दाबानंसुद्धा स्वादुपिंड चेचतं आणि चौथ्या दिवशी ड्रेनमधून, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीतून, त्याचा रस येतो. शक्यतो स्वादुपिंडावर दाब न देता त्याखालची चरबी खाली ओढावी. हार्मोनिकचं (कंपनांनी कापणाऱ्या हत्याराचं) तापणारं पातं कायम स्वादुपिंडापासून लांबच्या बाजूला. ते पातं वापरल्यावर शंभर अंशांच्या वर गरम असतं आणि काही सेकंद तसंच राहतं. काप घेतल्या घेतल्या त्याच पात्यानं स्वादुपिंड ढकलणं म्हणजे चटका देणं.

यकृताच्या धमनीभोवती नसांचं एक पांढुरकं जाळं असतं. त्या जाळ्याच्या बाहेरचा थर सापडला की ग्रंथींचा सबंध पट्टा एका चादरीसारखा उलगडत येतो. थर सापडला नाही तर एकेक ग्रंथी वेचत बसावं लागतं, आणि वेचताना ग्रंथी फुटते. डावी जठर शीर आधी शोधून क्लिप करा. ती धमनीच्या पुढून जाईल की मागून, हे माणसागणिक बदलतं, आणि ही शीर फाटली की रक्त थेट पोर्टल शिरेतून येतं. मग डावी जठर धमनी मुळाशी: राहणाऱ्या बाजूला दोन क्लिप, जाणाऱ्या बाजूला एक, आणि राहणारा बुंधा काही मिलिमीटर लांब. अगदी चिकटून कापलं आणि क्लिप निसटली तर पुन्हा पकडायला काहीच उरत नाही.

ग्रंथी कुठवर काढायच्या याच्या ठरलेल्या मर्यादेला डी२ म्हणतात; पूर्ण जठरासाठी ती म्हणजे जठराला लागून असलेल्या एक ते सात क्रमांकाच्या ग्रंथी, शिवाय यकृताच्या धमनीवरच्या आणि तिच्या वरच्या भागातल्या, या धमन्या जिथून फुटतात त्या सीलिअक मुळाभोवतीच्या आणि प्लीहेच्या धमनीवरच्या. वरच्या भागातल्या ग्रंथी नीट निघाल्या का, हे पोर्टल शिरेची डावी भिंत दिसली की कळतं. ती दिसली नाही तर काम अर्धवट राहिलं. प्लीहा मात्र काढू नका. मोठ्या बाकावर न पसरलेल्या वरच्या गाठींमध्ये प्लीहा काढून आयुष्य वाढत नाही आणि गुंतागुंती वाढतात, हे जपानच्या जेसीओजी-०११० चाचणीनं ५०५ रुग्णांत दाखवलं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये किमान १६ ग्रंथी तपासलेल्या हव्यात, ३० असतील तर उत्तम. आकडा कमी आला तर सर्जननं किती काढल्या हे तर बघाच, पण पॅथॉलॉजीत चरबीतून किती शोधल्या गेल्या हेही विचारा. ओटीतच चरबीचे पट्टे क्रमांकानुसार वेगळ्या डब्यांत घालून पाठवले की हा आकडा सुधारतो.

आता वर, डायफ्रामच्या भोकात. दोन्ही व्हेगस नसा कापल्या की अन्ननलिका पाच-सहा सेंटिमीटर खाली येते. इथे डाव्या बाजूचं फुफ्फुसाचं आवरण उघडू शकतं. अशा वेळी व्हेंटिलेटरचा दाब चढतो, रक्तदाब उतरतो, ऑक्सिजन घसरतो. भूलतज्ज्ञाला लगेच सांगा, पोटातला दाब कमी करा. बहुतेक वेळा छातीत नळी घालावी लागत नाही, शेवटी आतला गॅस ओढून घेतला की पुरतं. गाठ हाताला लागत नसल्यानं कुठे कापायचं याचा अंदाज दुर्बिणीत चुकतो. आदल्या दिवशी एंडोस्कोपीनं क्लिप किंवा शाईची खूण करून घ्या, आणि पसरणारी गाठ असेल तर अन्ननलिकेची कड फ्रोझन सेक्शनला (गोठवून लगेच करायच्या तपासणीला) पाठवून निरोप येईपर्यंत थांबा.

अन्ननलिकेवर स्टेपलर बंद करण्याआधी मोठ्यानं विचारायचं: "राइल्स ट्यूब मागे घेतली का? तापमानाचा प्रोब काढला का?" (राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून अन्ननलिकेत घातलेली नळी.) आणि उत्तर कानावर पडल्याशिवाय फायर करायचं नाही. ट्यूबसकट अन्ननलिका स्टेपल होण्याचा प्रकार पुस्तकातला नाही, तो घडतो, आणि मग आखूड झालेल्या अन्ननलिकेवर सगळं पुन्हा करावं लागतं.

जोडाच्या पद्धती अनेक. तोंडातून ॲन्व्हिल (स्टेपलरचं सुटं डोकं) उतरवून २५ मिलिमीटरचा गोल स्टेपलर लावणं ही एक. जोड खूप वर छातीत जाणार असेल तर ती सोयीची, पण जोड पुढे आवळण्याची तक्रार तिच्यात जास्त. बहुतेक वेळा मी ओव्हरलॅप पद्धतीच्या, म्हणजे अन्ननलिका आणि आतडं शेजारी ठेवून बाजूनं जोडण्याच्या, बाजूनं उभा राहीन. ट्राइट्झच्या बंधापासून (ड्युओडेनम संपतो तिथून) साधारण २० सेंटिमीटरवर लहान आतडं कापायचं आणि खालचं टोक मोठ्या आतड्याच्या पुढून वर आणायचं. आणताना त्याच्या पडद्याची, म्हणजे त्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्यांच्या पातळ पट्ट्याची, कड सुरुवातीपासून शेवटपर्यंत नजरेनं चाळायची. एक पीळ राहिला तर सगळं रक्त बंद.

वर आलेल्या आतड्याच्या बुंध्यापासून सहा सेंटिमीटरवर, पडद्याच्या विरुद्ध बाजूला, एक भोक. अन्ननलिकेच्या बुंध्यावर डाव्या कडेला दुसरं. अन्ननलिकेची आतली त्वचा आणि स्नायू एकमेकांवरून सहज घसरतात, आणि स्टेपलरचा जबडा त्या दोहोंच्या मधल्या खोट्या पोकळीत शिरतो. बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं, फायरही नीट होतं, पण जोड उघडलेलाच नसतो. म्हणून भोक पाडल्यावर तिथे आरपार एक टाका घालून त्वचा स्नायूला बांधून टाका, भूलतज्ज्ञाला राइल्स ट्यूब हळूहळू ढकलायला सांगा, आणि ती भोकातून बाहेर डोकावली की तिच्या आधारानं स्टेपलरचा बारीक जबडा आत सरकवा. जाड जबडा आधीच आतड्यात गेलेला असतो. जबडा आत गेल्यावर ट्यूब पुन्हा वर ओढून घ्यायची, नाहीतर इथेही तोच अपघात. ४५ मिलिमीटरचं कार्ट्रिज, बंद करून १५ ते २० सेकंद थांबायचं, म्हणजे सुजेचं पाणी बाजूला सरतं आणि पिना नीट वळतात. मग फायर. उघडल्यावर कॅमेरा जोडाच्या तोंडाशी नेऊन आत रक्त येतं का ते बघा, आणि उरलेलं भोक ३-० च्या काटेरी धाग्यानं दोन्ही टोकांकडून मधोमध येत शिवा. कोपऱ्यातला पहिला टाका स्टेपलच्या रेषेच्या पलीकडे घ्यायचा. गळती बहुधा त्याच कोपऱ्यातून होते. शेवटी पाण्याखाली हवा सोडून बुडबुडे बघायचे.

खालचा जोड, पित्ताची वाट येऊन मिळते तो, वरच्या जोडापासून ४० ते ४५ सेंटिमीटर खाली. त्याहून जवळ असला तर पित्त घशाशी येतं. जठर काढायला बेंबीपाशी चार-पाच सेंटिमीटर कापतोच, हा जोड त्याच वाटेनं बाहेर काढून करता येतो. तो करताना पित्ताच्या बाजूची वाट अरुंद झाली तर आतला दाब वाढून ड्युओडेनमचा बुंधा फुटतो. बुंध्याची गळती दिसली की गुन्हेगार खालचा जोडही असू शकतो, हे लक्षात असू द्या.

नंतरच्या दिवसांत सगळ्यांत आधी बोलते ती नाडी. ताप नाही, पोट मऊ, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाडी ११० वर अडली आणि डाव्या छातीत दुखतंय, तर वरच्या जोडाचा सीटी, पिण्याच्या औषधासह, त्याच दिवशी. तिसऱ्या दिवशी सीआरपी (रक्तातली दाह दाखवणारी तपासणी) १५० च्या वर असेल तर संशय आणखी बळावतो. ड्रेनमधलं अमायलेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) तिसऱ्या दिवसानंतर रक्तातल्या सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेलं, तर स्वादुपिंडाचा रस गळतो आहे. तो ड्रेन घाईनं काढू नये. अशा रुग्णाच्या ड्रेनमध्ये आठवड्यानं दोन चमचे ताजं लाल रक्त आलं आणि आपोआप थांबलं, तर ते कापलेल्या धमनीच्या बुंध्याचा इशारा असतो. तेव्हा सीटी अँजिओ आणि रक्त थांबवायला धमनीत तारेची गुंडाळी (कॉइल) टाकणं. पोट उघडायला धावू नका, त्या चिखलात बोटाला काही सापडत नाही.

शेवटचं काम बहुतेक जण दमलेले असताना करतात किंवा सोडून देतात: पडद्यांमधल्या फटी शिवणं. खालच्या जोडाची एक, आणि वर नेलेल्या आतड्याच्या मागची, पीटरसनची. न विरघळणाऱ्या धाग्यानं, मुळापासून. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आत चिकटणं कमी होतं, ते चांगलंच, पण त्यामुळे आतडी मोकळी राहतात. वजन दहा-पंधरा किलो उतरलं की पडद्यातली चरबी झडते आणि फटी रुंदावतात.

मग काही महिन्यांनी तो रुग्ण गावच्या दवाखान्यात येतो: जेवल्यावर कळ, पाठीत जाणारी, ओकारी फारशी नाही, एक्स-रे साफ. त्याला ॲसिडिटीची गोळी दिली जाते. ज्याला जठरच नाही त्याला. अशा कळेला त्याच दिवशी सीटी हवा, आणि पडद्याच्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या फिरलेल्या दिसल्या तर त्याच रात्री ऑपरेशन. तासांवर आतडं वाचतं किंवा जातं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नुसतं ऑपरेशनचं नाव पुरत नाही. दोन्ही फटी शिवल्या की नाही, बी-१२ चं इंजेक्शन, जे आता जन्मभर लागणार, पुढचं कोणत्या तारखेला, आणि पोटात कळ आली तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे मराठीत, ठळक अक्षरांत, पहिल्याच पानावर लिहा.